उजव्या हाताची तर्जनी

"पुन्हा दाखव," नाना म्हणाले.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि चित्रफीत पहिल्यापासून लावली. काचेची चपटी पेटी, तिच्यात गुलाबी पाणी, आणि पाण्यात दोन चिमट्यांमध्ये धरलेली पांढरी पट्टी, आगकाडीपेक्षा थोडी लांब. उजवा चिमटा अगदी हळू मागे सरकतो, पट्टी जराशी ताणली जाते, चिमटा पुन्हा जागेवर येतो. एवढंच. आमच्या विभागात पाहुणे आले की दुसऱ्या वेळेलाच घड्याळाकडे बघू लागतात. नाना चौथ्यांदा बघत होते.

"रेशीम कुठलं?"

"बंगळुरूहून येतं."

"डिंक काढलेलं?"

"आम्हीच काढतो. सोड्यात उकळून. अर्धा तास, दोनदा."

"फार झालं. धागा मरतो."

"आम्हाला साडी नाही विणायची, नाना. त्याच्यावर पेशी वाढवायच्या असतात."

"पेशींना मेलेला धागा चालतो होय?" असं म्हणून त्यांनी आईकडे पाहिलं. "ऐकलंस का? सरकारी पैशानं रेशीम मारतात ही मंडळी."

आई भाजी निवडत होती. ती नुसती हसली. पाच दिवसांनी ते पहिल्यांदा चेष्टा करत होते, म्हणून हसली असावी.

अकरा वर्षांपूर्वीचा एप्रिल. येवल्याच्या घरी कूलर माळ्यावरून खाली काढताना पत्र्याची कड माझ्या वडिलांच्या, नानांच्या, उजव्या तर्जनीवर मधल्या पेराखाली बसली होती. जखम दिसायला बोटभरसुद्धा नव्हती. पण बोट वाकवणाऱ्या दोन्ही कंडरा, म्हणजे टेंडन, तुटल्या होत्या. नाशिकच्या डॉ. उमराणींनी त्या शिवल्या, हाताच्या मागच्या बाजूनं मनगट आणि बोटं अर्धवट वाकलेली राहतील असा साचा बांधला, आणि सांगितलं, दुसऱ्या हातानं हे बोट हलकेच वाकवायचं, सोडायचं, बस्स. त्याच्या जोरावर कपसुद्धा उचलायचा नाही. नानांनी टाके कसे घातले ते बारकाईनं विचारून घेतलं होतं आणि शेवटी डॉक्टरांना म्हणाले होते, "गाठ मारलीत? आम्ही रेशमाला गाठ मारत नाही. राख लावून पीळ देतो. गाठीपाशीच तुटतं." डॉक्टर म्हणाले, "काका, पुढच्या वेळी तुम्हाला बोलावतो."

पुढच्या खोलीत मागावर पदर अर्धा होता. मोरांच्या दोन ओळी झाल्या होत्या, तिसऱ्या ओळीतल्या मोरांना मान नव्हती. पैठणीच्या पदरात एकेका रंगाची बारीक कांडी बोटांनी ताण्यातून, म्हणजे ताणून लावलेल्या उभ्या धाग्यांतून, ओवावी लागते. ते काम अंगठा आणि तर्जनीचं. गावात विणकर पुष्कळ होते, पण दुसऱ्याला बसवायचा प्रश्नच नव्हता. हात बदलला की ठोक, आडवा धागा ठोकून बसवायचा जोर, बदलते आणि कापडावर आडवी पट्टी उमटते. धुतली तरी जात नाही, जाणकाराला दहा हातांवरून दिसते. नानांच्या एकेचाळीस वर्षांत त्यांच्या कापडावर अशी पट्टी कधी पडली नव्हती. ते बोट वाकलं तर पदर पुरा होणार होता, नाही वाकलं तर तो पदर आणि नानांचं विणणं दोन्ही तिथेच संपणार होतं. हे घरात कुणी बोलत नव्हतं. आई त्या खोलीचा केर काढताना मागावरची चादर जराही हलू देत नव्हती, एवढंच.

मी पुण्याला ज्या संस्थेत होते तिथं सात वर्षं याच विषयावर काम करत होते. तुटलेल्या कंडरेच्या जागी बसवता येईल अशी कंडरा प्रयोगशाळेत वाढवायची. इतक्या वर्षांत नानांनी त्याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. कुणी विचारलं तर सांगायचे, "पेटीत काहीतरी पिकवते." त्या दिवशी मात्र ते विचारत होते. आणि खरं सांगते, मला इतका आनंद झाला होता की त्यांचा हात गळ्यात अडकवलेला आहे हेसुद्धा मी विसरले.

"हे ओढता कशाला?"

"ओढलं नाही तर पेशी कशाही पडतात. गुंतवळासारख्या. ओढ दिली की सगळ्या ओढीच्या दिशेनं ओळीत लागतात, आणि मग त्या जो दोर तयार करतात त्याला बळ येतं."

"ताणाच आहे की हा."

"ताणाच."

"ढिला ताणा लावून कापड कधी झालंय?" ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. मग म्हणाले, "पहिल्या दिवसापासून ओढता?"

"नाही. आधी पाच-सहा दिवस चिकटू देतो. मग सुरू."

"सारखं?"

"पंधरा मिनिटं ओढायचं-सोडायचं, मग पंधरा मिनिटं विश्रांती. दिवसातून आठ-दहा वेळा. आणि जोर रोज थोडा वाढवायचा."

"आणि नाहीच ओढलं तर?"

"तर कंडरा होतच नाही. नुसता व्रण होतो."

त्यांनी मान हलवली. माझ्या कुठल्याच विद्यार्थ्यानं ती गोष्ट इतक्या लवकर समजून घेतली नव्हती. तसं मी बोललेही. ते खूश झाले. आईला म्हणाले, "चहा टाक. प्राध्यापकीणबाई पास म्हणाल्या."

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला परतले.

टाके घातल्यापासून सोळाव्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. "वैजे, यांचं बोट कालपासून हलत नाही. बाकीची हलतात. हे म्हणतात सूज असेल. तू ये."

मी थेट नाशिकला गेले. दोघं एसटीनं आले होते आणि दवाखान्याच्या बाकावर हातात हात घेतल्यासारखे बसले होते. आईनं नानांचा बांधलेला हात आपल्या मांडीवर घेतला होता.

डॉक्टरांनी साचा काढला. "काका, मूठ करायचा प्रयत्न करा. अगदी हलकी."

तीन बोटं आणि अंगठा वाकला. तर्जनी तेवढी डॉक्टरांकडे रोखलेली राहिली.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. तळहातावर, पेरांवर दाबून पाहिलं. पुन्हा मूठ करायला सांगितली. तर्जनी पुन्हा तशीच राहिली.

"सुटली," ते म्हणाले. "काय केलंत?"

"न्हाणीत पाय घसरला," नाना म्हणाले. "नळ धरायला गेलो."

"हात बांधलेला असताना नळ कसा धरलात?"

"धरला नाही. धरायला गेलो."

"आणि हे?" तर्जनीच्या शेवटच्या पेरावर एक बारीक लालसर वळ होता, गोल, कपाळाला टोपीचा पडतो तसा.

"दोरा गुंडाळला होता. पट्टी सुटत होती म्हणून."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मला तेव्हा खरंच काही माहीत नव्हतं.

"परवा सकाळी पुन्हा उघडू. टोकं पोहोचली तर पुन्हा शिवतो. नाही पोहोचली तर दुसरीकडची टेंडन काढून जोडावी लागेल, आणि मग मी कसलाच शब्द देत नाही. वय बासष्ट ना?"

"एकसष्ट," आई म्हणाली.

नाना माझ्याकडे वळले. "दुसरीकडची कशाला? वैजू, तुझ्याकडची आण की."

मला क्षणभर कळलंच नाही.

"पेटीतली. एक तर असेल तयार."

"नाना, ती माणसाला नाही बसवत अजून."

"मग कुणाला बसवता?"

"सशाला. पायात."

"चालला का ससा?"

"चालला."

"लंगडत?"

"नाही. नीट चालला."

"मग झालं! मी काय सशापेक्षा नाजूक आहे?"

डॉक्टर हसले. आईही हसली. माझ्याकडे आशेनं बघत हसली, ते फार वाईट होतं. मी म्हणाले, "परवानग्या असतात. दहा-पंधरा वर्षं लागतात. आधी पुष्कळ बघावं लागतं, आत काय झालंय ते."

"सशाच्या आत काय झालंय ते कसं बघता?"

ते वाट बघत राहिले, म्हणून सांगावं लागलं. "बाराव्या आठवड्यात त्याला... झोपवतो. मग पाय उघडून बघतो."

"म्हणजे नीट चालायला लागला की मारता."

"हो."

नानांनी हात गळ्यातल्या झोळीत घातला. "राहू दे मग," म्हणाले.

कागद आणि कपडे आणायला आम्ही भाड्याच्या गाडीनं येवल्याला आलो. चार वाजले असतील. नाना ओट्यावर बसले. मी त्यांची फाईल शोधायला मागाच्या खोलीत गेले. चादर मागावर होती, पण एका बाजूनं दुमडून वर टाकलेली. मागाच्या पुढच्या खांबाला माणसाच्या कोपराइतक्या उंचीवर एक नवी खुंटी ठोकली होती. खुंटीवरून खाली रेशमाचा पिळलेला दोर आला होता. त्याच्या एका टोकाला बोट जाईल एवढा फास होता, दुसऱ्या टोकाला रेशीम तोलायच्या लहान तराजूचं एक पारडं बांधलेलं, आणि पारड्यात अर्ध्या किलोचं वजन. बाजूला स्टूल. स्टुलावर घड्याळ.

मी तिथंच उभी होते. आई चहा घेऊन आली.

"हे काय आहे, आई?"

"ते? त्यांचा व्यायाम." तिनं कप खिडकीत ठेवला. "तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू केला. साच्याचा पट्टा जरा सैल करायचा, बोट अडकवायचं आणि वजन उचलायचं, सोडायचं. पंधरा मिनिटं. मग पंधरा मिनिटं आराम. मी घड्याळ बघायचे. पहिल्या दिवशी पन्नास ग्रॅम, मग रोज थोडं थोडं. वजनं मीच टाकायचे, त्यांना डाव्या हातानं जमत नव्हतं."

"तू विचारलं नाहीस, डॉक्टरांनी सांगितलंय का?"

"विचारलं की! म्हणाले, डॉक्टर कापतात आणि शिवतात. पुढचं वैजूला कळतं. तिनं सांगितलंय."

खिडकीतून नानांची पाठ दिसत होती. कुणीतरी रस्त्यावरून विचारत होतं, "कसा आहे हात?" आणि ते सांगत होते, "आहे, जागेवर आहे."

आई पारड्यातलं वजन उचलून पदरानं पुसू लागली. मग हळू आवाजात म्हणाली, "वैजे, मला एक सांग. कमी पडलं का गं? शेवटी शेवटी मला भीती वाटायची. ते सांगायचे त्यापेक्षा मी थोडं कमीच टाकायचे. त्यानं तर नाही ना झालं?"

"नाही," मी म्हणाले. "त्यानं नाही झालं."

ती बरं वाटून स्वयंपाकघरात गेली.

मी ओट्यावर जाऊन नानांच्या शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"बघितलंस?"

"हो."

"आईला काही बोलू नकोस. वजनं तिनं टाकलीत. कळलं तर तिला घास जायचा नाही."

"नाना, मी पेटीतल्या पेशींबद्दल सांगत होते. तुमच्या बोटाबद्दल नाही."

"ते माहीत आहे मला."

"मग?"

समोरच्या घरावर कुणी सुकायला टाकलेल्या रेशमाच्या लाल लडी काढून घेत होतं, तिकडे नाना बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, तू मुद्दाम तसं सांगतेयस. आडून. डॉक्टरांच्या समोर तुला बोलता येत नसेल. तुमच्यात बंदी असेल. माझ्या बापानं मला मोर शिकवला तो असाच. काका बसलेले असायचे, मोराचं काम ते कुणाला शिकवू द्यायचे नाहीत. मग बाप नुसता म्हणायचा, 'आज डावीकडून ऊन चांगलं येतंय.' मी समजून घ्यायचो, कांडी डावीकडून न्यायची." त्यांनी गळ्यातली झोळी सारखी केली. "चार वेळा दाखवलंस. मला वाटलं, घोकून घेतेय."

"तुम्हीच पुन्हा दाखव म्हणालात."

"हो. मीच म्हणालो."

मला सांगायचं होतं की पेटीतल्या पट्टीला ओढ असते ती केसाएवढी. अर्धा किलो नाही. शिवलेली कंडरा दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांत कच्ची असते, हे मला पाठ आहे, आणि तेवढं एकच वाक्य मी बोलले नव्हते. पण आता ते सांगून कुणाला काय मिळणार होतं?

"न्हाणीतच पडलो म्हणायचं," नाना म्हणाले. "एवढी शिकलीस. तुझं नाव यात नको."

मी त्यांची फाईल शोधायला पुन्हा आत गेले.

टोकं पोहोचली. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा शिवली. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायच्या वेळी त्यांनी मला बाहेरच्या बोळात बोलावलं. दार अर्धं उघडं होतं. आत स्टुलावर नाना, हात टेबलावर, शेजारी पिशवी घेऊन आई.

"मॅडम, तुम्ही यातल्या आहात, म्हणून स्पष्ट विचारतो," डॉक्टर म्हणाले. "मला पुढचं ठरवायचंय. नुसता नळाला हात लागला आणि सुटली असेल, तर त्यांची टोकंच मऊ आहेत. मग मी हलवू देणार नाही. साडेतीन आठवडे पक्कं प्लास्टर. पण त्यांनी काही उचललं असेल, जोर लावला असेल, तर टोकं चांगली आहेत, वागणं वाईट आहे. मग मी त्यांना इथंच ठेवून घेईन, माझ्या माणसाच्या हाताखाली आजपासून बोट हलवायला लावीन. तेच बरं. प्लास्टरमध्ये चिकटून बसलं तर पुन्हा सुटणं कठीण, ते तुम्हाला मी काय सांगू. खरंच न्हाणीत पडले?"

दारातून नाना माझ्याकडे बघत होते. आई पिशवीतून त्यांचा रुमाल काढत होती.

आजवर मी स्वतःला सांगत आले की मी आईसाठी गप्प बसले. काही दिवस नानांच्या शब्दासाठी गप्प बसले असंही मला वाटत आलं. नानांना जाऊन चार महिने झाले, आता खोटं कशाला. त्या बोळात उभं असताना मला फक्त एवढंच दिसत होतं, की हा माणूस पुढच्या परिषदेत भेटेल आणि दहा जणांत हसत हसत सांगेल, कंडरा वाढवणाऱ्या बाईंच्या सल्ल्यानं त्यांच्या वडिलांनी कंडरा कशी तोडली ते.

"हो," मी म्हणाले. "न्हाणीतच."

"ठीक. मग बांधू."

पुढचं थोडक्यात आहे. ते बोट पुन्हा वाकलं नाही. शिवण टिकली, पण कंडरा आतल्या आत सगळीकडे चिकटली. सहा महिने मेणाचा शेक, गरम पाणी, व्यायाम, सगळं केलं. दिवाळीनंतर नानांनी ताणा कापला आणि माग शेजारच्या गल्लीतल्या एका विणकराला देऊन टाकला. नंतरची दहा वर्षं ते तर्जनी रोखूनच जेवले, रोखूनच नमस्कार केला. लोक चेष्टा करायचे, रंगनाथराव सारखी कुणाची तरी तक्रार करताहेत. तेही हसायचे. माझ्याकडे त्यांनी तक्रार कधी केली नाही. डॉक्टर बोळात मला काय म्हणाले होते, ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

त्या सकाळी मात्र यातलं अजून काहीच झालं नव्हतं. मी आत गेले तेव्हा मदतनीस प्लास्टरच्या पट्ट्या पाण्यात बुडवत होता. एक पट्टी पिळून त्यानं मनगटाला पहिला वेढा दिला. मला त्याला थांबवता आलं असतं. दुसऱ्या वेढ्यालाही, तिसऱ्यालाही. त्याचे हात झटपट चालत होते आणि नाना कौतुकानं बघत होते.

"बरोबर ताण देतोय गडी," ते म्हणाले.

बोटं झाकली गेली. तो थांबून वरून तळव्यानं सारखं करू लागला.

"गरम व्हायला लागलं गं, वैजू."

"होतं तसं. घट्ट होताना."

आईनं रुमालानं त्यांच्या कोपरावरचे पांढरे ओघळ पुसले. मग डॉक्टरांना विचारलं, "साहेब, यात बोट जरा जरा हलवायचं का? आतल्या आत?"

डॉक्टर लिहीत होते. मान वर न करता ते म्हणाले, "मुलीला विचारा. ती सांगेल."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. नानांनी या वेळी नीट ऐकायचं म्हणून मान पुढे केली.

"नाही," मी म्हणाले. "अजिबात हलवायचं नाही."